ट्रॅक्टरच्या चाकांमधील अंतर

मृगाचा पाऊस होऊन जमिनीला वाफसा आला, की परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरी पूर्वी माळ्यावरचे लांब जू खाली उतरत असे. नांगरटीचे जू वेगळे आणि कोळपणीचे जू वेगळे. नांगराला जुंपलेले बैल एकमेकांजवळ चालले तरी बिघडत नाही. पण उभ्या पिकात कोळपे चालवायचे तर प्रत्येक बैलाने दोन तासांच्या मधूनच चालले पाहिजे. म्हणून पिकाच्या ओळींतील अंतर पाहून जुवाची लांबी ठरे. हे गणित कोणी कागदावर मांडले नव्हते, परंतु ते चुकले तर बैलाच्या खुराखाली पीक जाते हे घरातील लहान मुलालाही ठाऊक होते.

बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली आणि हे गणित मागे पडले. ट्रॅक्टर विक्रेत्याकडून ज्या स्थितीत आला त्याच स्थितीत तो वर्षानुवर्षे चालविला जातो. नांगरट, पेरणी, कोळपणी, मळणी आणि ट्रॉलीची वाहतूक या सर्व कामांसाठी चाकांमधील अंतर तेच राहते. वास्तविक हे अंतर बदलण्याची सोय निर्मात्याने यंत्रातच करून ठेवलेली असते. तिचा उपयोग होत नाही; आणि ज्यांना अंतर वाढवावेसे वाटते त्यांच्यापैकी काहीजण भलताच मार्ग धरून चाकाच्या आत लोखंडी चकत्या, म्हणजे ‘स्पेसर’, बसवून घेतात. पहिल्या दुर्लक्षात पिकाचे नुकसान आहे. दुसऱ्या खटाटोपात चालकाच्या जिवाला धोका आहे.

ओळींचे गणित

चाकांमधील अंतर म्हणजे एका टायरच्या मध्यापासून दुसऱ्या टायरच्या मध्यापर्यंतचे, जमिनीवर मोजलेले अंतर. उभ्या पिकातून ट्रॅक्टर न्यायचा असेल तर हे अंतर ओळींमधील अंतराच्या पूर्ण पटीत असावे लागते. सोयाबीनच्या ओळी ४५ सेंटिमीटरवर असतील, तर चाकांमधील अंतर १३५ सेंटिमीटर, म्हणजे तिप्पट, ठेवावे. मग दोन्ही चाके ओळींच्या बरोबर मधून जातात. कापसाच्या ओळी ९० सेंटिमीटरवर असतील, तर लहान ट्रॅक्टरसाठी ९० आणि मोठ्यासाठी १८० सेंटिमीटर. हेच अंतर १३५ ऐवजी १५५ सेंटिमीटर असले आणि एक चाक ओळीच्या मधून नेले, तर दुसरे वीस सेंटिमीटर सरकून थेट पिकावर चढते. मग चालकाच्या कौशल्याला काही अर्थ उरत नाही.

येथे टायरची रुंदीही लक्षात घ्यावी लागते. मध्यम अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला सर्रास असणारा १३.६–२८ मापाचा टायर सुमारे साडेचौतीस सेंटिमीटर रुंद असतो. पंचेचाळीस सेंटिमीटरच्या पट्ट्यातून तो गेला, तर प्रत्येक बाजूला जेमतेम पाच सेंटिमीटर जागा उरते. सोयाबीनची रोपे लहान असताना हे जमते. फांद्या पसरल्या की जमत नाही. ८.३ इंची अरुंद टायर असलेला लहान ट्रॅक्टर त्याच पट्ट्यात प्रत्येक बाजूला बारा सेंटिमीटर मोकळे ठेवून चालतो. लहान ट्रॅक्टर घेणारा शेतकरी बहुधा किमतीकडे पाहून निर्णय घेतो, परंतु आंतरमशागतीसाठी त्याची खरी उपयुक्तता या बारा सेंटिमीटरमध्ये आहे.

ओळीतून चालणारा ट्रॅक्टर ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १९२४ मध्ये ‘फार्मॉल’ नावाचा ट्रॅक्टर बाजारात आला, तो पेरणीनंतर उभ्या पिकातही काम करता यावे याच हेतूने तयार केलेला होता. आपल्या काळ्या जमिनीच्या दृष्टीने मात्र अधिक जवळचे उदाहरण हैदराबादनजीकच्या पाटणचेरू येथील आहे. तेथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा आणि सरी ही पद्धत विकसित केली. वरंबा सुमारे १०५ सेंटिमीटर, सरी ४५ सेंटिमीटर, म्हणजे एका सरीच्या मध्यापासून दुसऱ्या सरीच्या मध्यापर्यंत दीड मीटर. या कामासाठी तेथे बैलांनी ओढायचे चाकांचे औजार वापरण्यात आले आणि त्याची चाके दोन सऱ्यांतून चालत. वरंब्यावर चाक किंवा खूर पडू द्यायचा नाही, हे त्या पद्धतीचे एक मुख्य सूत्र होते.

परभणीचे कृषी विद्यापीठही १९७२ चेच. १८ मे रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०१३ मध्ये वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. रुंद वरंबा सरी पद्धत मराठवाड्यात आता ‘बीबीएफ’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. विद्यापीठ, कृषी विभाग आणि २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प यांच्यामार्फत तिचा प्रसार होत आला आहे. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी वाहून जाते, खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते, एवढे आता बहुतेकांना सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते चाकांविषयी. दीड मीटरच्या मांडणीत वरंब्यावर ४५ सेंटिमीटरवर तीन ओळी घेतल्या, तर एका वरंब्याची शेवटची ओळ आणि पुढच्या वरंब्याची पहिली ओळ यांत ६० सेंटिमीटर अंतर राहते. त्या साठ सेंटिमीटरच्या मध्यावरून साडेचौतीस सेंटिमीटरचा टायर गेला, तरी दोन्ही बाजूंना सुमारे तेरा सेंटिमीटर जागा उरते. सपाट पेरणीत मोठ्या ट्रॅक्टरला न साधणारी कोळपणी आणि फवारणी येथे साधते. अट एकच: चाकांमधील अंतर १५० सेंटिमीटरच्या जवळ आणून ठेवलेले असावे. ते १३० वर राहिले, तर दोन्ही चाके सरीच्या आतील कडांवर चढतात आणि जो वरंबा भुसभुशीत ठेवण्यासाठी सारा खर्च केला, तोच दाबला जातो. ओल्या काळ्या मातीत एकदा दाबलेला थर मुळांना सहजी भेदता येत नाही.

अंतर बदलते कसे?

मागचे चाक हे एकसंध नसते. त्याचे दोन भाग असतात: टायर ज्यावर बसतो ते बाहेरचे कडे, म्हणजे रिम, आणि हबला जोडलेली मधली तबकडी, म्हणजे डिस्क. डिस्क परातीसारखी एका बाजूला खोलगट असते, आणि रिमवरील जोडणीचे कान मध्यावर नसून एका बाजूला असतात. डिस्क उलटी केली, रिम कानाच्या आतून किंवा बाहेरून जोडली, किंवा संपूर्ण चाक डावीकडचे उजवीकडे केले, की टायर आत किंवा बाहेर सरकतो. या अदलाबदलीतून सुमारे दहा-दहा सेंटिमीटरच्या टप्प्यांनी कित्येक मापे मिळतात; मध्यम ट्रॅक्टरमध्ये ती साधारणपणे १३० ते १९० सेंटिमीटरच्या दरम्यान असतात. कोणत्या जोडणीने कोणते माप मिळते, याच्या आकृत्या ट्रॅक्टरसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेल्या असतात. ही पुस्तिका बहुतेक घरांत खरेदीच्या पावतीबरोबर पेटीत जाऊन बसते, ती पुन्हा बाहेर येत नाही.

पुढचा ॲक्सल एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा असतो. बोल्ट काढून तो लांब किंवा आखूड करता येतो. त्यावेळी सुकाणूचे दांडेही तेवढेच लांब-आखूड करावे लागतात. अन्यथा चाके तिरपी राहून टायर एका हंगामात झिजतात.

काम अवघड नाही, पण एकट्या माणसाचे नव्हे. ट्रॅक्टर सपाट, घट्ट जमिनीवर उभा करून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावावी. जॅकवर विसंबून न राहता ॲक्सलखाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेले असल्यास ते आधी काढून घ्यावे, १३.६–२८ च्या टायरमध्ये दीडशे लिटरहून अधिक पाणी असू शकते आणि असे चाक कलंडले तर ते सावरण्याचा प्रयत्न करणाऱ्याचा पाय सुटत नाही. डावे चाक उजवीकडे नेल्यास टायरवरील बाण पुढच्या दिशेलाच राहील, हे पाहावे. नट आवळल्यानंतर काही तास काम झाले, की ते पुन्हा आवळावेत. नव्याने बसविलेल्या जोडणीत नट थोडे सैल पडतातच.

चकतीचा मोह

इतकी सोय असताना स्पेसर कशासाठी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. चाके उलटी करण्यात अर्धा दिवस जातो. लेथवरून कातून आणलेली चकती हब आणि डिस्क यांच्यामध्ये तासाभरात बसते. शिवाय पुस्तिकेतील सर्वांत मोठ्या मापाच्याही पुढे जाता येते. हीच चकती जीप आणि पिकअप वाहनांनाही बसविली जाते. गाडी उंच दिसावी म्हणून स्प्रिंगखाली तुकडे घालून ती उचलायची, मग ती कलंडेल अशी शंका आली, की चाके बाहेर काढण्यासाठी चकत्या घालायच्या, असा हा क्रम असतो.

चकतीने चाक बाहेर येते हे खरे. पण भार कोठे जातो ते पाहिले पाहिजे. पाण्याची घागर कडेवर घेऊन बाई मैलभर चालते. तीच घागर हात लांब करून धरली तर दहा पावलेही नेता येत नाही. घागरीचे वजन वाढलेले नसते, ते शरीरापासून दूर गेलेले असते. एका चाकावर ८०० किलोग्रॅम भार असेल आणि ते पाच सेंटिमीटर बाहेर सरकले, तर हब, बेअरिंग आणि ॲक्सल यांवर ४० किलोग्रॅम-मीटर एवढा वाकविणारा जोर नव्याने पडतो. आणि खड्ड्यात चाक आदळले की क्षणभर तो याच्या दुपटीहूनही अधिक होऊ शकतो. निर्मात्याने मान्य केलेल्या मापांतही चाक बाहेर गेले की हा जोर वाढतोच. मात्र तेथे ॲक्सल आणि बेअरिंग त्या मर्यादेपर्यंतचा भार धरून तयार केलेली असतात. चकती ही त्या मर्यादेपलीकडची भर असते.

दुसरा दोष बोल्टांचा. चाक मुळात हबच्या तोंडावर घट्ट दाबून बसलेले असते आणि अनेक वाहनांत हबची मधली कड चाकाच्या छिद्रात बसून ते मध्यावर धरते. गावठी चकतीला ती कड नसते, तिचे दोन्ही पृष्ठभाग समांतर कातलेले असतीलच असे नाही, आणि मूळ बोल्टाच्या लांबीपैकी काही भाग चकतीतच खर्च होऊन नटाला आटे कमी मिळतात. मग दाबाने धरलेली जोडणी सैल होते, बोल्ट प्रत्येक फेऱ्यात थोडा वाकतो आणि एके दिवशी मुळाशी तुटतो. एक तुटला की त्याचा भार शेजारच्यावर जातो. पुढची कथा लवकर संपते.

आणि एवढे करून मिळते काय? समजा, एका जीपच्या चाकांमधील अंतर १४० सेंटिमीटर आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंच आहे. ती दहा सेंटिमीटर उचलली आणि गुरुत्वमध्य ८० वर गेला. पूर्वीची स्थिरता परत आणायची तर चाकांमधील अंतर १६० करावे लागेल. अडीच सेंटिमीटरच्या चकत्या दोन्ही बाजूंना बसविल्या, तर ते १४५ होते. गमावले त्याच्या चौथा हिस्साच परत आला, आणि त्याची किंमत बोल्ट व बेअरिंग यांनी दिली.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हेच तत्त्व ठामपणे मांडले. त्याच वर्षी अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने अनधिकृत सुटे भाग बसवून केलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली आहे. रस्त्यावर येणारा ट्रॅक्टर हेही या अधिनियमाच्या दृष्टीने मोटार वाहनच आहे.

कलंडणे

ट्रॅक्टरच्या बाबतीत एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याचा पुढचा ॲक्सल मधोमध एका खिळीवर डोलतो. उंचसखल रानात चारही चाके टेकावीत यासाठी ही रचना आहे. परंतु तिच्यामुळे ट्रॅक्टर चार पायांवर नव्हे, तर मागची दोन चाके आणि पुढची एक खीळ अशा तिपाईवर उभा असतो. म्हणून पुढची चाके कितीही रुंद केली तरी कलंडण्याच्या सुरुवातीला त्यांचा आधार मिळत नाही. आधार असतो तो मागच्या चाकांतील अंतराचा, आणि तोही तिपाई पुढे निमुळती होत गेल्याने दिसतो त्याहून कमी.

शाळेत हे सहज दाखविता येते. पाटीवर काड्यापेटी आडवी ठेवून पाटी हळूहळू तिरपी करावी. मग तीच पेटी उभी ठेवून पाहावे. वस्तू तीच, वजन तेच, पण उभी पेटी पुष्कळ आधी पडते. पडण्याची वेळ वजनावर नव्हे, तर पायाची रुंदी आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या प्रमाणावर ठरते. तिपाईचा विचार क्षणभर बाजूला ठेवला, तर ७५ सेंटिमीटर उंचीचा गुरुत्वमध्य आणि १३५ सेंटिमीटरचे अंतर असलेले वाहन स्थिर उभे असताना सुमारे ४२ अंशांपर्यंत तग धरते. अंतर १६५ केले तर ४८ अंशांपर्यंत. पण १३५ वरच ठेवून गुरुत्वमध्य पंधरा सेंटिमीटरने वर नेला, तर ते ३७ अंशांवर येते. चालत्या ट्रॅक्टरला, वळणावर, एका बाजूचे चाक खड्ड्यात गेले असता, यांतील कोणताही आकडा लागू पडत नाही. तो त्याच्या कितीतरी आधी उलटतो.

परभणी जिल्हा बहुतांशी गोदावरी, दुधना आणि पूर्णा यांच्या खोऱ्यांतील सपाट प्रदेश आहे. उतार आहे तो उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याच्या फाट्यांत आणि दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाटात. पण सपाट प्रदेशात ट्रॅक्टर उलटत नाही असे नव्हे. कालव्याचा भराव, ओढ्याची उतरण, शेतातून डांबरी सडकेवर चढण्याची चिंचोळी जागा, इतका उतार पुरेसा असतो. मडगार्डवर दोन्ही बाजूंना बसलेली माणसे गुरुत्वमध्य वर नेतात, आणि पहिल्या हिसक्याला खाली पडतात तीही तीच.

उसाच्या हंगामात गंगाखेड, सोनपेठ, पाथरी भागांतील रस्त्यांवर दिसणाऱ्या ट्रॉल्यांचा प्रश्न याच जातीचा आहे. मोळ्या एकावर एक चढत जातात तसा भाराचा मध्य वर सरकतो. ट्रॉलीच्या चाकांमधील अंतर मात्र तेच राहते. अशी ट्रॉली कडेला उतरली की ट्रॅक्टरची चाके किती रुंद आहेत याला फारसा अर्थ उरत नाही. ट्रॉली उलटताना जोडणीतून ट्रॅक्टरलाही पिळते.

आणखी दोन गोष्टींवर चाकांच्या रुंदीचा काहीच उपाय नाही. पहिली, मागे उलटणे. ओढण्याची साखळी ठरलेल्या खालच्या दांडीऐवजी उंच ठिकाणी बांधली आणि भार अडकला, तर पुढचा भाग उचलला जातो. तो सावरता न येण्याच्या स्थितीला एका सेकंदाच्या आत पोहोचतो. क्लच दाबण्याचे सुचेपर्यंत वेळ गेलेली असते. दुसरी, ब्रेक. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात, ते शेताच्या टोकाला झटकन वळण्यासाठी. सडकेवर येताना दोन्ही पेडल जोडणारी खिट्टी लावली नाही आणि वेगात एकच पेडल दाबले गेले, तर एकच चाक थांबून ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. खिट्टी लावायला दोन सेकंद लागतात.

स्थिरता वाढवायची तर उपाय गुरुत्वमध्य खाली आणण्यात अधिक आहे. मागच्या टायरमध्ये तीन-चतुर्थांश पाणी भरणे, चाकांना निर्मात्याची बिडाची वजने लावणे, वाहतुकीत औजार शक्य तितके खाली ठेवणे, ही साधने चकतीहून स्वस्त आणि निर्धोक आहेत. आणि उलटलाच, तर चालकाला वाचविणारी वस्तू वेगळी आहे. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक चौकट सक्तीची केली, तेव्हापासून इतर अनेक देशांनी तो मार्ग धरला. आपल्याकडे उन्हासाठी लावलेले पत्र्याचे छत पाहून तीच चौकट असल्याचा समज होतो. छताच्या नळ्या ट्रॅक्टरच्या भाराखाली दुमडतात. खरी चौकट असेल तरच आसनपट्टा बांधावा. चौकट नसताना पट्टा बांधलेला चालक उलटणाऱ्या यंत्राखालीच अडकून राहतो.

खरीप निघाल्यावर चाकांचा प्रश्न पुन्हा येतो. रब्बी ज्वारीच्या ओळी ४५ सेंटिमीटरवर असल्या, तर सोयाबीनसाठी १३५ वर ठेवलेली चाके तशीच चालतात. हरभरा ३० सेंटिमीटरवर पेरला तर नाही: १३५ हे तिसाच्या पटीत बसत नाही, आणि १२० किंवा १५० केले तरी साडेचौतीस सेंटिमीटरचा टायर तीस सेंटिमीटरच्या पट्ट्यात मावणार नाही. तेथे पेरतानाच चाकाच्या वाटेतील ओळ मोकळी सोडावी लागते, नाहीतर लांब जू माळ्यावरून खाली काढावे लागते.